नाव सोडून बाकी सर्व क्षेम

कोराडी, वीज केंद्राची वसाहत
माघ महिना, सन १९७९

तीर्थस्वरूप सत्यवतीताई हिच्या पायांशी धाकटा भाऊ चंद्रभान याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा मनाने केला आहे असे समजावे. प्रत्यक्षात मी खाटेवर बसलो आहे, डावी मांडी बाळाच्या ताब्यात आहे आणि उजव्या मांडीवर पाट ठेवून लिहितो आहे. बाळ मधूनच लाथ मारतं, तेव्हा जिथे अक्षर एकदम वर उडालेलं दिसेल तिथे माझा दोष नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून गिऱ्हाइकाने तुरीच्या डाळीचा भाव विचारला की आधी खोकतात आणि मग सांगतात? दारची गाय व्यायली का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. विजेच्या कारखान्याची राख पडायची तेवढी पडते, वाळवणावर चादर घालावी लागते, पण आता सवय झाली आहे. मागे सासरी गेलो तेव्हा तिथले पापड इतके पांढरे दिसले की मला वाटलं काहीतरी घालायचं विसरले.

तू पत्र अर्ध्यात ठेवू नयेस म्हणून आधीच सांगून टाकतो, की हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. मला माझी बहीण ठाऊक आहे. आमच्या पहिल्या पोरीच्या बारशाला तू पाळण्यात वाकून तिच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलंस, रुख्मिणी. मग दिवाळीला आलीस तर घरभर पिंकी पिंकी चाललेलं. तू विचारलंस, ही पिंकी कोण? सिंधूने पोरीकडे बोट दाखवलं. (सिंधू म्हणजे माझी बायको. तुला माहीत आहे, पण तेव्हापासून तू तिचं नाव काढत नाहीस असं ऐकलं, म्हणून आठवण करून दिली.) तू ताटावरून उठलीस आणि म्हणालीस, "माह्या तोंडातल्या नावाले ज्या घरी जागा नाही, त्या घरचा उंबरठा मी ओलांडणार नाही." आणि ओलांडला नाहीस. कळमेश्वरहून नागपूर आणि नागपूरहून कोराडी, मध्ये फक्त एकदा गाडी बदलायची, तेवढं अंतर तू काशीएवढं करून टाकलंस. मी काही म्हणत नाही. तू मोठी आहेस, रागावण्याचा मान तुझाच आहे. मी फक्त बातम्या कळवतो आहे, आणि बातम्या अशा आहेत की मला धड बसवत नाही.

पहिली बातमी तुला भाऊजींकडून कळलीच असेल, की दिवाळीनंतर आम्हाला मुलगा झाला. गोरा नाही, पण तरतरीत आहे. नाक आपल्या बाबांचं आहे, कान सिंधूच्या माहेरचे आहेत (याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही), आणि आवाज मात्र सरळ तुझ्यावर गेला आहे. दुसरी बातमी अशी, की तो तीन महिन्यांचा होत आला तरी त्याला अजून नाव नाही. एक नाव नाही असं म्हणण्यापेक्षा नावं पुष्कळ आहेत आणि नाव एकही नाही, असं म्हणावं लागेल. हे कसं झालं ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल. तू पोळ्या लाटत वाचत असशील तर तवा खाली उतरवून ठेव, कारण गोष्ट मोठी आहे.

आमच्या वसाहतीतल्या बहुतेक बायका बाळंतपणाला नागपुरात मिशनच्या दवाखान्यात जातात. तिथे प्रेमिला म्हणून एक सिस्टर आहेत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आणि चाल अशी की वॉर्डातले पाळणे आपोआप सरळ रांगेत येतात. आता आपल्याकडची रीत अशी, की मूल जन्मलं तरी बारशापर्यंत त्याला नाव नसतं, सगळे त्याला बाळ म्हणतात. पण त्या वॉर्डात एका ओळीत इतकी बाळं, की बाळ म्हटलं तर कोणतं? शिवाय प्रेमिला सिस्टर रोज घरी जाण्याआधी एकेका पोरासाठी प्रार्थना करतात, आणि बिननावाच्या पोरासाठी देवाजवळ काय मागायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या पवित्र शास्त्रातली (म्हणजे बायबलातली) नावं ओळीने देत जातात. जो पहिला येईल तो पहिल्या नावाचा, त्यानंतरचा पुढच्या नावाचा. शास्त्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पाळण्याला चिकटपट्टी लावून वर निळ्या शाईने नाव लिहिलेलं असतं, आणि घरी जाताना ती पट्टी त्या स्वतः काढून टाकतात. म्हणजे नाव दवाखान्याचं, दवाखान्यातच राहायचं. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, आणि बरीच वर्षं वाटलंही नाही.

पण मग आमच्या कोळशाच्या यार्डात क्रेन चालवणारे चंपतराव आहेत ना, त्यांच्या घरी सातव्या महिन्यातच मुलगा झाला. आधीची दोन हाती लागली नव्हती. हा एवढासा, चंपतरावांच्या तळहातात मावेल असा. डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नाही. त्या दिवशी सिस्टरांच्या यादीत आला होता दानीएल, म्हणून हा दानीएल. चंपतरावांची आई रंभाबाई रोज एस्टीने जाऊन वॉर्डाच्या खिडकीखाली बसायची, आणि आतून सिस्टर दिवसभर दानीएल, दानीएल अशा हाका मारत त्याला थेंबाथेंबाने दूध पाजताना ऐकायची. पोरगं जगलं, ताई. मी स्वतः त्याला घरी आणायला गेलो होतो, आणि जीपमध्ये रंभाबाई हसत होती की रडत होती ते मला अजून सांगता येणार नाही. सिस्टर पट्टी काढायला आल्या तेव्हा म्हातारीने पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या वं बाई. ज्या नावानं वाचला, त्या नावानंच मोठा होऊ द्या." झालं. बारशाला दुसरं नाव ठेवायची कोणाची छाती झाली नाही.

हा दानीएल पुढे असा फुगला की विचारू नकोस. चार वर्षांपूर्वीच्या पंधरा ऑगस्टला वसाहतीत सुदृढ बालक स्पर्धा होती, तिथे त्याचा पहिला नंबर आला. मोठे साहेब बक्षीस द्यायला आले, तर याने त्यांचं बोट धरलं ते भाषण संपेपर्यंत सोडलं नाही. साहेबांनी सगळी पंचवार्षिक योजना एका हाताने समजावून सांगितली. त्या दिवसापासून साऱ्या वसाहतीची खात्री पटली की यात दुधाचं, हवेचं, डॉक्टराचं काही नाही, जे काही आहे ते नावात आहे.

मग काय सांगू तुला. आठव्या महिन्यात माहेरी गेलेल्या बायका नवव्यात परत यायला लागल्या, केवळ मिशनच्या दवाखान्यात नाव मिळावं म्हणून. काटोलला माहेरी बाळंत झालेली एक तर पोर घेऊन थेट सिस्टरांच्या दारात उभी राहिली, की बाळंतपण तिकडे झालं, पण नाव तेवढं इकडचं द्या. आमच्याच गल्लीत आज इंदूबाई लांजेवारचा याकोब आहे, भोयरांचा शलमोन आहे, निखाडेंच्या जुळ्या पोरी रूथ आणि एस्तेर आहेत. सकाळी नळावर हाका ऐकशील तर तुला वाटेल आपण कोराडीत नाही, यरुशलेमात आहोत आणि पाणी मात्र नागपूरसारखंच जाऊन राहिलं आहे. मागच्या गणपतीत आरतीच्या वेळी शलमोनच्या हातात घंटा होती आणि याकोब प्रसादाच्या पातेल्यात बसला होता. पलीकडच्या गल्लीतल्या बुद्धविहारात वंदनेला येणाऱ्या पोरांतसुद्धा एक शमुवेल आहे, आणि तो सगळ्यात मोठ्याने म्हणतो.

यात खरा हैराण झाला तो माझ्या शेजारचा रविंद्र. हा टर्बाइनवर माझ्याच पाळीत असतो आणि आमच्या सगळ्या गल्लीत ख्रिस्ती घर ते एकच. पण तुला गंमत सांगतो. त्याच्या वडिलांचं नाव मनोहरराव, त्याचं रविंद्र, बायकोचं अरुंधती आणि मुलाचं ओमप्रकाश. एकदा डबा खाताना तो मला म्हणाला, "चंद्रभान, तीन पिढ्या झाल्या गा, आम्ही तुमचीच नावं वापरून राहिलो. आता तुम्ही आमची नेली. एक दिवस बसू आणि अदलाबदल करून टाकू." मी हसलो, पण त्याचं दुःख खरं होतं. डिसेंबरात त्याच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब नागपूरहून सायकलरिक्षात पेटी (वाजवायची) आणि केकचं टोपलं घेऊन आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कोराडीत एकाएकी शलमोन, याकोब, एस्तेर यांची वस्ती वाढली आहे, आणि विचारायला एकही माणूस गेलेला नाही. बिचारे मोठ्या उमेदीने दारोदार गेले. प्रत्येक दाराला तोरण, प्रत्येक अंगणात तुळस. रंभाबाईला त्यांनी फार प्रेमाने विचारलं, की आजीबाई, दानीएल हे नाव तुम्हाला कशामुळे भावलं? ती म्हणाली, "पोरगं धष्टपुष्ट होते म्हणून. तुमच्याजवळ अजून काही चांगले नावं असतील त सांगून ठेवा, धाकटीले सहावा लागला आहे." पाळकसाहेब मनाचे मोठे. ते इतके हसले की ओट्यावर बसले. मग सगळ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिले, रंभाबाईची पुरणपोळी खाल्ली, आणि निघताना रविंद्राला म्हणाले की या वसाहतीत आमच्या मंडळीचा मुलगा ओळखायची खूण एकच, त्याचं नाव ओमप्रकाश असलं पाहिजे.

(पाळकसाहेब आले तेव्हा आमचं बाळ झालेलं होतं, म्हणजे मी जरा पुढे पळालो. आनंदात क्रम राहत नाही. मागे येतो.)

तर दिवाळीनंतर सिंधूला मी त्याच दवाखान्यात नेलं. आता मी काही नावावर विश्वास ठेवणारातला नाही, तुला माहीत आहे, पण सगळ्यांच्या पोरांना एकाहून एक भारदस्त नाव मिळालेलं, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या मीही मनात जरा हिशेब केला. आदल्या दिवशी आमच्याच वसाहतीतलं एक पोर आमोस झालं होतं. त्यानंतरचा ओबद्या सकाळीच गेला होता. मग योना. मला योना चाललं असतं, सुटसुटीत आहे. पण ताई, सिंधूने त्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघरात लावते तेवढाच वेळ लावला, आणि मधल्या मध्ये कामठीच्या एका बाईने योना पटकावला, मीखा कुणी सावनेरकडचा घेऊन गेला, नहूमही गेला. मी आत जाऊन पाहतो तर पाळण्यावर निळ्या शाईने लिहिलेलं, हबक्कूक. मी सिस्टरांना म्हटलं, बाई, एक नाव पुढे सरकवता येणार नाही का? त्यांनी चष्म्यातून असं पाहिलं, की मी लगेच पेढे आणायला निघून गेलो. रंभाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "हबकू काय वं नाव आहे? जन्मभर हबकून राहीन पोरगं." आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला, ज्यात माझा हात आहे हे मी नाकारत नाही.

कारण मुलगा झाला त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, की बारशाला नाव काहीही ठेवा, ते कानात सांगायचं कोणी? हा मान आत्याचा. आत्या कळमेश्वरला. आत्येची शपथ. सिंधू म्हणाली मी जाऊन पाय धरते. मी म्हटलं, ताईने शपथ मोडली तर तिला वाईट वाटेल, आणि नाही मोडली तर आपल्याला वाईट वाटेल, त्यापेक्षा दुसरी वाट काढू. आता ऐक. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी अर्ज करून करून आमच्या गल्लीत दुसरा नळ आणवला होता. त्या राखीपौर्णिमेला पाण्याच्या आनंदात गल्लीतल्या तीन बायकांनी मला राख्या बांधल्या, रंभाबाई, इंदूबाई लांजेवार आणि रविंद्रची अरुंधती. म्हणजे मानलेल्या बहिणी हाताशी होत्या. मुलगा झाला त्या दिवशी पेढे वाटत फिरताना मी रंभाबाईला म्हटलं, आता आत्याचा मान तुमचा. तिचे डोळे भरून आले. ते पाहून मला इतकं बरं वाटलं, की पुढच्या दारात इंदूबाईलाही तेच म्हटलं. आणि अरुंधती तर दारात ओवाळायला उभीच होती, तिला कसं वगळू? माणूस आनंदात असला की त्याच्या तोंडाला झाकण नसतं.

बारशाला तिघी आल्या. तिघींनी नवी लुगडी नेसलेली, तिघींच्या हातात झबलं-टोपडं, आणि तिघी एकमेकींकडे पाहून गोड हसत होत्या, कारण प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या दोघी फक्त जेवायला आल्या आहेत. बाळाला पाळण्याखालून वरून घेऊन झालं, पाळण्यात घातलं, आणि सिंधू म्हणाली, आत्याबाई, या. तिघी एकदम वाकल्या. ताई, पोराला कान दोनच असतात. उजव्या कानात रंभाबाईने सांगितलं शमशोन, कारण तिला ताकदीशिवाय दुसरं काही सुचत नाही. डाव्या कानात इंदूबाईने सांगितलं योसेफ, कारण तिने सिस्टरांकडून ऐकलं होतं की तो धान्यखात्याचा मंत्री झाला होता, तेव्हा पोराच्या घरी रेशनची चिंता नको. अरुंधतीला कान उरला नाही, म्हणून तिने नाकाजवळ तोंड नेऊन सांगितलं, हेमंत. (तीनही आत्यांत ख्रिस्ती तेवढी ती एक, आणि मराठी नावही तेवढं तिचंच.) आत्या नाव सांगत असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत हळूच धपाटे घालायचे असतात, हे तुला सांगायला नको. इथे तीन पाठी. कोणाच्या पाठीत घालायचे ते न कळून बायकांनी तिन्हींत घातले, आणि रंभाबाईच्या पाठीमागे तिच्या दोन्ही सुना उभ्या होत्या, त्यांनी तर रीत म्हणून जितकं घालतात त्याहून बरंच अधिक घातलं. म्हातारी ओरडली, बाळ ओरडलं, इंदूबाई म्हणाली नाव मी आधी सांगितलं, अरुंधती म्हणाली मान मला दिला होता, रंभाबाई म्हणाली मले दिला होता, आणि मग तिघी बाळाला सोडून माझ्याकडे वळल्या. मी घुगऱ्यांचं पातेलं पुढे धरून उभा होतो म्हणून वाचलो.

बारशाला प्रेमिला सिस्टरही आल्या होत्या, लोकरीची टोपी विणून घेऊन. बायका म्हणाल्या, तुम्हीच निवाडा करा, तुमचंच शास्त्र आहे, यातलं कोणतं नाव ठेवायचं? सिस्टरांनी बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं, ते आधी गप्प झालं आणि मग सगळे गप्प झाले. त्या म्हणाल्या, "बाई, मी कोणाचं नाव ठेवत नाही. माह्याजवळ असते तोवर नुसती हाक मारते. नाव ठेवाले घरचं माणूस लागते. याले सख्खी आत्या नाही काय?"

एवढा बडबड्या मी, ताई, पण उगाच घुगऱ्या ढवळायला लागलो. तेव्हा पाळण्यामागून सिंधू म्हणाली, "आहे. कळमेश्वरले आहे. माह्यामुळं येत नाही." आणि पदराने तोंड झाकून आत गेली. मी तिला आजवर कधी इतक्या जणांसमोर बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यानंतर कोणी भांडलं नाही. रंभाबाईने आपलं झबलं बाळाच्या अंगावर घातलं आणि म्हणाली, "मग नाव राहू द्या. तिची ती येईन तवा ठेवीन. आमची घाई नाही." इंदूबाईने आणि अरुंधतीने मान हलवली. घुगऱ्या वाटल्या, सगळे जेवले, आणि माझं पोर ज्या नावाशिवाय पाळण्यात गेलं होतं त्याच नावाशिवाय बाहेर आलं. आता गल्लीत त्याला कोणीच नावाने हाक मारत नाही, एवढंच नाही तर मारू देत नाही. इंदूबाईचा याकोब परवा त्याला हबकू म्हणाला तर त्याला रंभाबाईने कान धरून घरी पाठवलं. ती स्वतः त्याला "आपलं ते" म्हणते. बाकीचे त्याला चंद्रभानचा म्हणतात. त्यामुळे डोस द्यायला नेलं तेव्हा कंपाउंडरने चंद्रभान अशी हाक मारली, मी पुढे झालो, आणि त्याने माझी बाही वर केली.

अशी सगळी बातमी आहे. सर्व क्षेम आहे. पिंकी शाळेत जाते. सिंधू तुला नमस्कार सांगते आहे, मोठ्याने नाही, पण मी ओळखलं. तुझी तब्येत जप, थंडीत गुडघ्यांना तिळाचं तेल लाव, आणि आम्ही तुला बोलावतो आहोत असा गैरसमज करून घेऊ नकोस. तू तुझ्या शब्दाची आहेस याचा मला अभिमानच वाटतो.

तुझा धाकटा,
चंद्रभान

ता. क. पत्रात एक गोष्ट राहिली. डिंकाचे लाडू तू करतेस तसे सिंधूला जमत नाहीत, पाक पुढे जातो. कृती लिहून पाठवशील का? घाई नाही. लाडूच पाठवलेस तरी चालतील.

ता. क. दुसरा. हे मी नागपूरच्या एस्टी स्टँडवर लिहितो आहे. आज बाळाचा दुसरा डोस होता, म्हणून आम्ही तिघं दवाखान्यात आलो, पिंकीला रंभाबाईकडे ठेवलं. (या वेळी हाक ऐकून मी पुढे झालो नाही.) पत्र पेटीत टाकायला हात वर केला तर शेजारीच कळमेश्वरची गाडी उभी, आणि कंडक्टर अशा आवाजात कळमेश्वर, कळमेश्वर करून राहिला की जणू मला एकट्यालाच सांगतो आहे. सिंधू म्हणाली, "वन्सं आपल्या घरचा उंबरठा ओलांडणार नाही म्हणल्या. आपण त्यांच्या घरचा ओलांडू नये असं त्या कधी म्हणल्या काय?" हे मला तीन महिन्यांत सुचलं नाही. एक आणखी लिहून ठेवतो, ते तिने सांगितलं आहे म्हणून लिहितो: या वेळी जे नाव तुझ्या तोंडून येईल, घरात हाकही तीच मारली जाईल. दुसरी नाही. गाडी सुटते आहे.

ता. क. तिसरा. भाऊजींच्या दुकानात बसून लिहितो आहे, गुळाच्या ढेपेवर कागद ठेवून, म्हणून तो चिकट आहे. तुझ्या दारापर्यंत आलो होतो, पण तू अंगणात गोवऱ्या रचत होतीस आणि माझा धीर झाला नाही, तसाच दुकानात मागे फिरलो. भाऊजींनी खोकून खोकून माझं स्वागत केलं आणि सिंधूला पाणी दिलं. ते म्हणाले, तुझ्या मनातलं बाळाचं नाव केव्हाचं ठरलेलं आहे, बाळ झाल्याचं कळलं त्या दिवसापासून, आणि गाईला चारा घालताना तू ते एकटीच म्हणून पाहतेस. ते मला नाव सांगायलाच निघाले होते. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. ते आधी माझ्या कानात जायचं नाही, ताई.

आता हे पत्र भाऊजी स्वतः तुला आणून देतील, आणि तू वाचेपर्यंत काहीच माहीत नसल्यासारखे दारात उभे राहतील. त्यांना रागावू नकोस. आणि वाचता वाचता मघापासून दुकानाच्या बाजूने जे रडणं तुला ऐकू येतं आहे, ते गिऱ्हाइकाचं पोर नाही. कोण रडतं आहे ते मला सांगता येत नाही, कारण त्याला अजून नाव नाही. तू येऊन सांग.